श्वास एकसारखा होईपर्यंत

माझे वडील कधी चिडायचे नाहीत. आमच्या घरात कुणी कुणावर हात उगारला नाही, ताट भिरकावलं नाही, शेजारी ऐकू जाईल असा आवाज चढवला नाही. जळगावच्या आमच्या कॉलनीतल्या बायका आईला म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई." आई मान हलवायची.

नाना, म्हणजे माझे वडील, कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. माणूस रागाला, भीतीला, दुःखाला आवर कसा घालतो, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. भावना दाबून टाकली तर काय होतं, तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघितलं तर काय होतं, ती नजर शिकवता येते का, आणि ज्या गावात साधा डॉक्टर पोचत नाही तिथल्या माणसाला ती स्वस्तात कशी शिकवायची, यात त्यांचं आयुष्य गेलं. काम खरं होतं. पुढे मीही तोच विषय घेतला, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही.

घरात ते काम असं चालायचं. शाळेत मैत्रिणीनं माझ्या चित्रावर शाई सांडली आणि मी रडत घरी आले, तर नाना हातातलं पुस्तक मिटायचे, चष्मा काढायचे आणि विचारायचे, "शून्य ते दहा. किती?"

"काय किती?"

"जे होतंय ते."

"मला रडू येतंय."

"रडू हे लक्षण झालं. भावना कोणती?"

राग म्हटलं की ते विचारत, रागाच्या खाली काय आहे. अपमान म्हटलं की विचारत, तिनं मुद्दाम केलं याला पुरावा काय. त्यांना पटेल असं नाव सापडेपर्यंत कूलरशेजारच्या खुर्चीवरून उठायचं नाही. ताटं वाढलेली असली तरी सगळे थांबायचे. आई पोळ्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. शेवटी मी कुठलातरी शब्द टाकून द्यायचे, तो त्यांना आवडला की डोक्यावरून हात फिरवायचे. "बघ, नाव दिलं की निम्मी उतरते." उतरायची नाही. मी फक्त पटकन खोटं बोलायला शिकले.

आईची गोष्ट वेगळी होती. ती एरंडोलजवळच्या एका खेड्यातली. तिच्या माहेरी सगळे अहिराणी बोलत. नाना धुळ्यातल्या शिक्षकाच्या घरात वाढलेले, त्यांच्या तोंडी पुस्तकातली मराठी. आईच्या बोलण्याची त्यांनी कधी टिंगल केली नाही. पाहुण्यांसमोर तिच्या तोंडून "माले नको" असं निघून गेलं, तर ते मंद हसत "मला नको" असं म्हणायचे, तिच्याच सुरात, आणि पुढचं बोलायला लागायचे. बस, एवढंच. वर्षानुवर्षं. हळूहळू आई पाहुण्यांत बोलेनाशी झाली, मग घरातही मोजकंच बोलू लागली. अहिराणी ती एकाशीच बोलायची, माझ्या धाकट्या भावाशी. तो माझ्या मागून बऱ्याच वर्षांनी झालेला. त्याला मांडीवर घेऊन न्हाणीघरात तेल चोळताना तिचा जो आवाज यायचा, तसा तो घरात दुसरीकडे कुठे ऐकू यायचा नाही.

तो अडीच वर्षांचा असताना गेला.

मे महिना होता. जळगावचा मे ज्यानं सोसलाय त्याला वेगळं सांगायला नको. दहा वाजले की रस्ते ओस पडतात, दाराची कडी हाताला भाजते. नानांना कॉलेजची सुट्टी होती. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून ते कुठल्याशा परिषदेसाठी निबंध लिहीत होते. भावाला सकाळपासून उलट्या होत होत्या, जुलाबही. आई म्हणाली, "अहो, याचं अंग बघा. दवाखान्यात नेऊ या."

नानांनी हात लावून बघितला. "कणकण आहे. साखर-मीठ-पाणी दे."

तिनं दिलं. त्यानं ओकून टाकलं. पुन्हा दिलं, पुन्हा ओकलं. दुपारी मी पलंगावर गोष्टीचं पुस्तक वाचत होते, तर आई त्याला खांद्यावर टाकून, पायात चपला घालून दाराशी उभी राहिलेली दिसली. डोक्यावर टॉवेल घेतला होता. नाना उठले. त्यांनी दार हळूच लावलं, तिच्या कोपराला धरून तिला खुर्चीवर आणलं. जोर नव्हता त्या धरण्यात. मी बघितलंय.

"तुझी भीती आत्ता नऊ आहे," नाना म्हणाले. "त्याचं आजारपण फार तर तीन. ही नऊ घेऊन तू रिक्षात बसलीस तर डॉक्टरला धड सांगणार काय? आधी श्वास. तुझा श्वास एकसारखा झाला की निघू. रिक्षा मी स्वतः आणतो."

"मंग जाऊत?" आई म्हणाली.

"मग जाऊ या," नाना म्हणाले. ते उत्तर देत होते की तिची भाषा सुधारत होते, हे मला आजही ठरवता येत नाही.

आई श्वास घ्यायला लागली. मूल मांडीवर, पाय जमिनीला टेकवलेले, पाठ ताठ. खोल विहिरीतून भरलेली बादली ओढावी तसा ती एकेक श्वास ओढून घेत होती, कारण तो एकसारखा झाला की दवाखान्यात जाता येणार होतं. मधेच तो तुटायचा आणि नाना हातानं खूण करायचे, पुन्हा पहिल्यापासून. मी पुस्तकाआडून बघत होते आणि मनातल्या मनात मीही तिच्याबरोबर श्वास घेत होते, जणू मी घेतला तर तिला लवकर जमेल.

तिला जमलं. शेवटी जमलं.

"आता सांग, भीती किती?"

"तीन," आई म्हणाली. खोटं बोलली. मला खोटं बोललेलं ओळखता यायचं, मी त्यातच मुरले होते.

"शाबास. आता याच नजरेनं त्याच्याकडे बघ. एवढा आजारी दिसतो का?"

भाऊ निपचित पडला होता. रडत नव्हता, ओकत नव्हता.

"झोप लागलीय त्याला," नाना म्हणाले. "झोपलेल्या मुलाला या उन्हात बाहेर काढायचं? ऊन उतरू दे." आणि ते परत आपल्या कागदांकडे गेले.

आई चपला घालूनच बसून राहिली. ऊन उतरायच्या आत भावाचे डोळे वर गेले. तेव्हा रिक्षा आणायला नानाच धावत सुटले, डांबरी रस्त्यावर अनवाणी. तळपायांना फोड आले होते. हेही घडलं, म्हणून सांगते.

दवाखान्यात सलाईनसाठी शीर सापडेना. दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत तो गेला. डॉक्टरांनी एकच विचारलं, "काल सकाळीच का नाही आणलं?"

नाना म्हणाले, "त्याची आई फार घाबरून गेली होती. तिला काही सुचलंच नाही."

डॉक्टरांनी आईकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, कीव होती. आईच्या हातात साखर-मीठ-पाण्याची बाटली होती. ती काही बोलली नाही. तिला बोलता येणार नाही हे नानांना ठाऊक असावं. इतक्या वर्षांत त्यांनीच ते करून ठेवलं होतं.

दहाव्या-बाराव्याला आलेल्या आत्या-काक्या नानांचं सांत्वन करत होत्या. मूलही गेलं आणि बायकोही अशी, असं म्हणत होत्या. त्या गेल्यावर नानांनी आईच्या दुःखाचा बंदोबस्त केला. दुःख दिवसभर पसरू द्यायचं नाही, त्याला वेळ ठरवून द्यायची, ही त्यांची पद्धत. संध्याकाळच्या चहानंतर आईनं स्वयंपाकघरात बसून रडायचं. एरवी आठवण आली तर "नंतर" असं मनाशी म्हणायचं. आई त्या वेळेला ओट्याला टेकून बसायची, पण ठरवून बसल्यावर रडू कुठून येणार? थोड्या वेळानं बाहेरून नानांचा आवाज यायचा, "झालं?"

"झालं," आई म्हणायची आणि कुकर लावायची.

भावाचं नाव आमच्या घरातून गेलं. फोटो कपाटात गेला. नानांचा तो निबंध वाखाणला गेला.

मी एम.ए.ला असताना नानांच्या हाती मोठा प्रकल्प आला. धुळे-जळगाव जिल्ह्यांतल्या खेड्यांमधून बायकांसाठी एक फोन-सेवा. मन घाबरं झालं, राग अनावर झाला, मुलाला मारावंसं वाटलं, जीव द्यावासा वाटला, तर एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. लगेच उलटा फोन येतो आणि एक आवाज शांत करतो. श्वास कसा घ्यायचा, आत काय चाललंय त्याला नाव कसं द्यायचं, हे सांगतो. पुढे बोलायचं असेल तर गावच्या आशाताईला निरोप जातो. औषध नाही, शहरात हेलपाटा नाही, लोकांत बोभाटा नाही. मी त्यात विद्यार्थिनी म्हणून काम करायचे. शिरपूर, साक्रीकडच्या गावांत एसटीनं जायचे, ओट्यावर बसून बायकांना प्रश्न विचारायचे.

पहिला आवाज आमच्या कॉलेजातल्या एका मुलीचा होता. अहिराणी शिकून घेऊन बोललेला. गावातल्या बायका ऐकायच्या आणि फोन ठेवून द्यायच्या. "हाई शायनी बाई शे," एक म्हणाली. शाळेतली बाई दम देतेय असं तिला वाटलं होतं.

त्या आठवड्यात नाना स्वयंपाकघरात आले. ते सहसा तिकडे यायचे नाहीत. आई वांगी भाजत होती.

"तू बोलून बघ," ते म्हणाले.

"मला शुद्ध येत नाही," आई म्हणाली.

"शुद्ध नकोच आहे."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. आचेवरचं वांगं जळत होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. एवढ्या वर्षांनी तिला तिची भाषा परत मिळत होती, आणि तीही कामापुरती.

मागच्या खोलीत गाद्या भिंतीला उभ्या करून आम्ही ध्वनिमुद्रण केलं. नानांनी मजकूर लिहून दिला होता. आईनं तो एकदा वाचला, बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि बोलायला लागली. "बठ बइन. जरासा दम ले. जीवले इसावा दे. राग येस, राग जास. तू आठेच शे. तुनासंगे मी बी शे." राग येतो, राग जातो, तू इथंच आहेस, तुझ्यासोबत मीही आहे. न्हाणीघरातला तोच आवाज. मी यंत्र धरून बसले होते, मला मान वर करता येईना. शेवटचं वाक्य नानांच्या कागदावर नव्हतं. ते काढावं असं त्यांना वाटत होतं, पण बायकांना ऐकवल्यावर नेमकं तेच वाक्य त्या पुन्हा पुन्हा मागायला लागल्या, म्हणून राहिलं.

त्या आवाजानं गावं फिरली. साक्रीकडच्या एका वस्तीत एक तरुण बाई मला म्हणाली, लेकराच्या अंगावर उकळतं पाणी टाकायला मी तपेली उचलली होती, खाली ठेवली आणि नंबर लावला. "ती बाई माले वळखस," ती म्हणाली. ती बाई मला ओळखते. मी घरी येऊन आईला हे सांगितलं. त्या दिवशी जेवताना आई स्वतःहून दोन वाक्यं जास्त बोलली. तो काळ आमच्या घरातला त्यातल्या त्यात बरा काळ म्हणायचा.

मग धुळ्याला प्रशिक्षण झालं. हॉल आशाताईंनी भरलेला, पंखे गरगरत होते, मागे चहाच्या किटल्या. "ज्यांचा आवाज तुम्ही रोज ऐकता त्या," असं म्हणून आईला पुढे बोलावलं. शाल, नारळ. बायकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी वाकून पाया पडायला बघितलं. आई लाजून लालेलाल झाली. ती पहिल्या रांगेत माझ्या शेजारी येऊन बसली, शाल तशीच अंगावर. तेवढ्या उकाड्यात तिनं ती काढली नाही.

नानांचं भाषण सुरू झालं. ते फार छान बोलायचे. भीती अनावर झाली की माणसाच्या हातून काय होतं, हे समजावताना ते म्हणाले, "मी एक गोष्ट सांगतो. खरी आहे. एक आई होती. मूल आजारी पडलं. जुलाब, उलट्या. साधं दुखणं, वेळेत नेलं असतं तर वाचतं. पण आई इतकी घाबरली की तिला काही सुचेना. घरात बसून राहिली. मूल गेलं. मुलाला आजारानं मारलं नाही. आईच्या भीतीनं मारलं."

हॉलमध्ये बायकांनी चुकचुक केली. माझ्या मागची एक म्हणाली, "अरे देवा, कशी माय व्हती ती!"

मी आईकडे बघितलं. ही गोष्ट नाना आणखी कुठे कुठे सांगत आले होते, किती हॉलमध्ये किती बायकांनी तिला चुकचुक केली होती, कुणास ठाऊक. आई उठून उभी राहिली.

"ती माय मीच शे," ती म्हणाली.

बायकांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"मी घाबरनी व्हती, पन माले समजी ऱ्हायनं व्हतं. माले दवाखानामा जानं व्हतं. यासनी माले बठाडी ठेवं. दम ले म्हने, मंग जाऊत. मना पोऱ्याना डोया फिरी गयथात, तवलोंग मी दम लेत बसनी." मला दवाखान्यात जायचं होतं, यांनी बसवून ठेवलं, मुलाचे डोळे फिरेपर्यंत मी श्वास घेत बसले, असं ती सांगत होती, आणि तिचा आवाज चढत चालला होता. मी तिला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. तिला ओरडायची सवय नव्हती, आवाज फाटत होता, थुंकी उडत होती. शाल खाली पडली.

नाना मंचावर उभे होते. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी तिचं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग माइकमध्ये अगदी हळू म्हणाले, "धन्यवाद. आता सगळ्यांनी नीट बघा. दुःख जुनं झालं तरी ते आवरायला शिकलं नाही तर काय होतं, हे तुमच्या समोर आहे. गावात अशी बाई समोर आली तर तुम्ही काय कराल? घाबरायचं नाही. वाद घालायचा नाही. आपण सगळे मिळून त्यांना मदत करू या. डोळे मिटा."

आणि त्यांनी टेबलावरच्या लॅपटॉपची कळ दाबली.

स्पीकरमधून आईचा आवाज आला. "बठ बइन. जरासा दम ले."

हॉलभर बायकांनी डोळे मिटले. त्या वाईट नव्हत्या. त्यांना जे शिकवलं होतं ते त्या करत होत्या, आणि मनापासून करत होत्या. एवढ्या साऱ्या छात्या एकदम वर झाल्या, एकदम खाली झाल्या. त्या सगळ्यांत आई उभी, तोंड उघडं, आणि तिच्याच आवाजात तिला सांगितलं जात होतं, राग येस, राग जास. ती काहीतरी बोलली, पण स्पीकरचा आवाज मोठा होता. तिचं बोलणं तिच्याच बोलण्याखाली दबून गेलं.

एकीनं डोळे मिटले नव्हते. आमच्याच रांगेतली, वयानं आईएवढी आशाताई. ती उठून आली, खाली पडलेली शाल उचलली आणि आईच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "अक्का, तुमना पोऱ्यानं नाव काय व्हतं?"

आईनं नाव सांगितलं. तो गेल्यापासून ते नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

परतताना गाडीत नाना पुढे बसले, आम्ही दोघी मागे. पारोळा गेलं, एरंडोल आलं. आई ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, फाट्यावर थांबव." ती उतरली, शाल सीटवर ठेवली आणि तिच्या माहेरच्या रस्त्यानं चालायला लागली. मी उतरायला निघाले, तर तिनं हातानंच नको म्हटलं.

गाडी सुरू झाल्यावर नाना म्हणाले, "तिला थोडा वेळ द्यायला हवा." मग म्हणाले, "पण बायकांना प्रत्यक्ष बघायला मिळालं. हे वर्गात शिकवून येत नाही." ते समाधानानं बोलत होते. त्या दिवसाचं वर्णन पुढे त्यांच्या प्रकल्पाच्या अहवालात एका परिच्छेदात आलं. त्यात आई ही एक "उपस्थित महिला" होती आणि गटानं केलेल्या श्वसनाचा उपयोग दिसून आला होता.

मी आठवड्यानं मामाच्या गावी गेले. आई ओसरीत बसली होती. ती दिवस-दिवस रडत होती, असं मामी म्हणाली. इतक्या वर्षांचं साठलेलं, कुणी वेळ न ठरवलेलं रडणं. मामीला बघवेना. तिनं आपली माया दाखवायला पहिल्याच दिवशी मोबाईल आईच्या हातात दिला होता. "अक्का, हाऊ नंबर लाव. ती बाई भलती ग्वाड बोलस." तो आवाज कुणाचा आहे, हे मामीला माहीत नव्हतं. कसं असणार? ती या घरात आली तेव्हापासून नणंदेचा असा आवाज तिनं ऐकलाच नव्हता. आईनं फोन मामीला परत दिला. पण गावात तो नंबर घरोघरी होता. आई ओसरीत बसलेली असताना शेजारच्या अंगणातून, विहिरीवरून, कुणाच्या तरी मोबाईलमधून ती स्वतःला बोलताना ऐकायची. पदर कानाशी घट्ट धरून बसायची.

मी जळगावला जाऊन नानांना म्हटलं, "आईचा आवाज काढून टाका."

"का?"

"तिला नकोय."

"तिनं तेव्हा हो म्हटलं होतं." त्यांनी चष्मा काढला. "साक्रीची ती बाई तूच भेटून आलीस ना? तपेलीवाली? तिच्या लेकराचं काय करायचं? तिला सांगू का, आमच्या घरात एक बाई रुसलीय, म्हणून आता तू फोन लावू नकोस?"

  ते लेकरू जिवंत आहे, मी त्याला नंतरही बघितलं, अंगणात खेळत होतं. नानांच्या निर्दयपणाची हीच तर रीत होती. ते कधी चुकीचं बोलायचे नाहीत.

आई परत त्या घरात गेली नाही. मला धुळ्यात एका दवाखान्यात समुपदेशकाची नोकरी लागली, तेव्हा ती माझ्याकडे आली. इथं ती गॅलरीतून खालच्या बायकांशी मोठ्यानं अहिराणीत बोलते, पाण्यावरून भांडते. तिला रक्तदाबाची गोळी सुरू झाली आहे. ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. दवाखान्यात मी दिवसभर लोकांना शांत व्हायला मदत करते आणि घरी आल्यावर तिला शांत हो असं कधीही म्हणत नाही. ती नानांविषयी फार वाईट शब्द बोलते. त्यांना किडे पडतील, म्हणते. मी भाजी निवडत ऐकते.

नानांना किडे पडले नाहीत. त्यांची तब्येत उत्तम आहे. निवृत्तीनंतरही बोलावणी येतात. सेवा दुसऱ्या जिल्ह्यांत गेली. नवीन मंडळींनी कार्यक्रम चालवायला घेतला, तेव्हा त्यांना सगळीकडे एकाच धाटणीचा, तरुण आणि उत्साही आवाज हवा होता. जुनं मुद्रण जरा घरगुती वाटतं, असं कुणीसं म्हणालं. नानांनी लगेच होकार दिला. एवढं मागूनही आईसाठी जे झालं नव्हतं, ते एका दुपारच्या बैठकीत होऊन गेलं. आम्हाला कुणी कळवलं नाही.

कळवलं मामीनं, फोनवर. "अक्का, आते दुसरीच बाई बोलस."

मला वाटलं आई सुटली. मी तसं म्हणालेसुद्धा. तिनं ऐकलं नाही. दोन दिवस तिचं कशात लक्ष नव्हतं. पोळ्या करपल्या, दूध उतू गेलं. तिसऱ्या दिवशी तिनं मला नंबर लावायला सांगितलं.

उलटा फोन आला. तिनं तो कानाला लावला आणि खिडकीशी उभी राहून शेवटपर्यंत ऐकला. मला लांबून नुसती कुजबुज ऐकू येत होती, मुलीचा कोवळा, स्वच्छ आवाज. संपल्यावर आईनं फोन माझ्या हातात दिला.

"हाई पोर वाची ऱ्हायनी," ती म्हणाली. ही मुलगी वाचून दाखवतेय.

मी फोन टेबलावर ठेवला.

"तिनं अजून काही गमाडेल नही," आई म्हणाली. तिनं अजून काही गमावलेलं नाही. मग ओठ आवळून, त्या न बघितलेल्या पोरीविषयी, थंडपणे पुढे म्हणाली, "गमाडू दे. मंग येई बोलता."

आणि खाली पाणी आल्याचा गलका झाला, तशी ती कळशी उचलून जिना उतरायला लागली.